चारही चाकांची ओढ : रानवाटेवर नव्या गाडीची पारख कशी करावी?

शेतमालाची शेतापासून डांबरी सडकेपर्यंतची वाहतूक हा आपल्या शेतीव्यवसायातील एक नाजूक दुवा आहे. बाजारपेठ कितीही दूर असली तरी सडकेवरून तेथवरचा प्रवास एका रात्रीत होतो. परंतु शेत आणि सडक यांमधील दोन-तीन किलोमीटरांची पाणंद पावसाळ्यात दोन-दोन दिवस बंद पडते. तोडलेली भाजी वस्तीवरच पिवळी पडते, दुधाचे कॅन डोक्यावरून न्यावे लागतात, आणि आजारी माणसाला बाजेवर घालून सडक गाठावी लागते. ही अडचण दूर करण्यासाठी चारही चाकांना इंजिनची ओढ असलेली, म्हणजे ज्यास आपण ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ म्हणतो अशी गाडी घ्यावी काय, असा प्रश्न अनेक शेतकरी व शेतकरी गट विचारीत असतात. अशी गाडी साध्या गाडीपेक्षा महाग असते आणि बहुधा कर्ज काढूनच घ्यावी लागते. म्हणून ती घेण्यापूर्वी तिची पारख कशी करावी, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधूंना असणे अगत्याचे आहे.

चारही चाकांच्या ओढीची गाडी आपल्या ग्रामीण भागास नवी नाही. १९४१ साली अमेरिकी सैन्यासाठी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलेली जीप दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे आली व मुंबईत तिची जुळणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाल्यावर विकास गटाची जीप हे गावोगावी ओळखीचे वाहन झाले. ‘जीप कोठेही जाते’ हा समज तेव्हापासून रूढ आहे. हा समज अर्धाच खरा आहे. जीप कोठे जाते, हे जीपइतकेच तिच्याखालील जमीन ठरवीत असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील सर्व पारख सोपी होते.

एका गावातील चाचणी

मराठवाड्यातील एका गावी भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने अशी गाडी घेण्याचे ठरविले होते. गटाची वस्ती सडकेपासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. विक्रेत्याने गाडी दाखविण्यासाठी आणली, सडकेवरून फिरविली, मुरमाड टेकडीवर चढवून दाखविली. सर्वांचे समाधान झाले. गटातील एका वयस्कर शेतकऱ्याने मात्र विचारले, “टेकडीवर आपल्याला काय पेरायचं आहे का? गाडी आपल्या पाणंदीवर आणा, आणि पाऊस झाल्यावर आणा.” त्यांचे म्हणणे सर्वांस पटले. भाद्रपदात दोन दिवस पाऊस लागून राहिल्यानंतर प्रस्तुत लेखकाच्या उपस्थितीत दुसरी चाचणी घेण्यात आली. वाळूने भरलेली प्रत्येकी ५० किलोची आठ पोती, म्हणजे ४०० किलो ओझे, गाडीत ठेवले होते. कारण भाजीचे क्रेट भरल्यावर साधारण तेवढेच ओझे होते.

पाणंदीवरील मुरमाड चढ गाडीने सहज पार केला. नाल्याचा उतार व पलीकडील चढ, त्या वेळी नाल्यात घोट्याएवढेच पाणी असल्याने, तिने पार केला. मात्र पुढे काळ्या जमिनीचा जेमतेम ४० मीटर लांबीचा तुकडा होता, तेथे ती मध्यावरच थांबली. इंजिन जोरात चालू होते, चाके फिरत होती, परंतु गाडी हलेना. अखेर ट्रॅक्टरने ती ओढून काढावी लागली. चार दिवस उघडीप पडून जमिनीला वाफसा आल्यावर तीच गाडी, तेच ओझे घेऊन, त्याच तुकड्यावरून केवळ मागच्या दोन चाकांच्या ओढीवर पलीकडे गेली. गाडी तीच, इंजिन तेच, चालकही तोच. बदलली होती ती फक्त जमीन. असे का घडले, हे समजून घेणे म्हणजेच गाडीची पारख समजून घेणे होय.

ओढ कोठून येते?

इंजिन चाक फिरविते. परंतु गाडी पुढे जाते ती चाकाने जमिनीला मागे रेटल्यामुळे. जमीन जेवढा रेटा सोसू शकेल तेवढीच ओढ मिळते. त्याहून अधिक जोर लावल्यास चाक जागच्या जागी गरगर फिरते व खड्डा करते. साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांकडे जातो. त्यामुळे त्या दोन चाकांवर जेवढे वजन असेल तेवढ्याच वजनाचा पकडीसाठी उपयोग होतो. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असल्याने ती ओल्या चढावर लवकर घसरते, हा अनेकांचा अनुभव आहे. चारही चाकांना ओढ दिली म्हणजे गाडीचे सर्व वजन पकडीच्या कामी येते. हाच या रचनेचा मुख्य लाभ होय.

तथापि येथे एक गोम आहे. प्रत्येक आसावर डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे त्याचे काम. पण एक चाक चिखलात सुटले वा हवेत उचलले गेले की साधे डिफरन्शियल त्या सुटलेल्या चाकासच फिरू देते आणि घट्ट जमिनीवरील चाक स्तब्ध राहते. पुढच्या आसाचे एक व मागच्या आसाचे एक अशी दोन चाके सुटली तर चारही चाकांच्या ओढीची गाडीसुद्धा उभी राहते. ट्रॅक्टर चालविणाऱ्यांस यावरील उपाय ठाऊक आहे. ट्रॅक्टरला टाचेखाली ‘डिफरन्शियल लॉक’चे पायडल असते, ते दाबले की दोन्ही चाके एकत्र फिरतात. काही गाड्यांत असेच लॉक असते, तर काहींत सुटलेल्या चाकास आपोआप ब्रेक लागून दुसऱ्या चाकाकडे जोर वळविण्याची विद्युत्-यंत्रणा असते. म्हणून ‘चारही चाकांना ओढ आहे काय?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘एक चाक सुटल्यावर काय होते?’ हा दुसरा प्रश्न अवश्य विचारावा.

या गाड्यांत बहुधा आणखी एक दांडा किंवा बटण असते. त्याने दोन चाकांची ओढ, चार चाकांची ओढ आणि चार चाकांची ‘लो’ ओढ, असे तीन प्रकार निवडता येतात. ‘लो’मध्ये गाडीची गती फार कमी होते व चाकावरील जोर वाढतो. अवघड चढ, उतार व दगडाळ वाट यांसाठी ती सोय असते. ज्या गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये वेगळे डिफरन्शियल नसते, त्यांची चार चाकांची ओढ कोरड्या डांबरी सडकेवर कधीही लावू नये. वळणावर पुढील व मागील चाके सारखे अंतर कापीत नाहीत. चिखलात हा फरक घसरून निघून जातो, पण कोरड्या सडकेवर तो निघत नाही व दातेचक्रांवर ताण येतो.

प्रथम जमीन ओळखावी

आपल्या राज्यात जमिनीचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येक जमीन गाडीची वेगळी परीक्षा घेते. मुरमाड माळावर पाणी लवकर मुरते व पकड चांगली मिळते; तेथे चढ व खाचखळगे हीच परीक्षा. कोकणातील जांभ्यावर टोकदार दगड व उंच पायऱ्यांसारखे कातळ असतात. तेथे गाडीच्या पोटाची उंची व टायरची मजबुती पाहावी. नदीपात्रातील कोरड्या वाळूत चाक रुतते. तेथे टायरचा पसरटपणा उपयोगी पडतो. भातखाचरात वरचा थर चिखलाचा असतो, पण चिखलणीमुळे त्याखाली बऱ्याचदा घट्ट थर तयार झालेला असतो.

सर्वांत कठीण परीक्षा काळ्या चिकण जमिनीची. या जमिनीतील चिकण माती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर भेगाळते. ओली असताना ती टायरच्या नक्षीत गच्च बसते. दोन-चार फेऱ्यांतच नक्षी बुजून टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाके फिरली तरी चार गुळगुळीत चाकेच फिरतात. वर सांगितलेल्या चाचणीत नेमके हेच घडले. गाडीला सडकेसाठी असतात तसे बारीक नक्षीचे टायर होते. दूरदूर व खोल नक्षीचे टायर फिरताना काही माती फेकून देतात, म्हणून चिखलात ते बरे. मात्र सडकेवर ते अधिक आवाज करतात व ओल्या डांबरावर त्यांची पकड बहुधा कमी पडते.

चाचणीपूर्वी जमिनीची स्थिती नोंदवावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून टाकावा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे. नुसता चपटा झाला तर जमीन अद्याप ओली आहे. गाडीची चाचणी दोनदा घ्यावी : एकदा वाफशावर व एकदा पावसानंतर. एकाच दिवसाच्या चाचणीवरून मत बनविणे म्हणजे एकाच कणसावरून शेताचा उतारा काढण्यासारखे आहे.

गाडी उभी असताना करावयाची मोजणी

गाडी चालविण्यापूर्वी तिची काही मापे घ्यावीत. त्यासाठी एक मापपट्टी व एक दोरी पुरे.

पहिले माप पोटाखालील उंचीचे. गाडीच्या खाली वाकून सर्वांत खाली आलेला भाग कोणता ते पाहावे व तेथून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. हे माप रिकाम्या गाडीचे व ओझे भरलेल्या गाडीचे असे दोन्ही घ्यावे. अखंड आसाच्या गाडीत आसाखालील उंची ओझ्याने फारशी बदलत नाही. परंतु प्रत्येक चाकाची टेकण स्वतंत्र असलेल्या गाडीत ओझे भरताच पोट खाली येते. माहितीपत्रकातील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, हे लक्षात असावे.

दुसरे माप पुढच्या व मागच्या कोनाचे. पुढील टायर जेथे जमिनीस टेकतो तेथून दोरी तिरपी वर नेऊन ती पुढच्या बंपरच्या तळास लावावी. ही दोरी जमिनीशी जो कोन करील, साधारण तेवढ्या तीव्र चढाला वा बांधाला गाडी नाक न घासता भिडू शकेल. एक मीटर आडव्या अंतरात दोरी ५८ सें.मी. चढली तर कोन ३० अंशांचा, ७० सें.मी. चढली तर ३५ अंशांचा व ८४ सें.मी. चढली तर ४० अंशांचा समजावा. मागच्या बाजूसही असेच मोजावे. मागे लोखंडी ओढपट्टी अथवा जास्तीचा बंपर बसविल्यास मागचा कोन कमी होतो.

तिसरी गोष्ट दोन आसांमधील अंतराची. हे अंतर जितके अधिक तितके बांध ओलांडताना गाडीचे पोट बांधावर टेकण्याचा संभव अधिक. लांब पिकअप ओझ्यास चांगली, पण उंच बांधास वाईट. आखूड जीप बांधास चांगली, पण ओझ्यास अपुरी. आपल्या वाटेवरील सर्वांत उंच बांध कोणता, हे आधी मोजून ठेवले तर निवड सोपी होते.

चाकाची घसर मोजणे

‘गाडी जोरदार आहे’ या वर्णनापेक्षा एक आकडा अधिक उपयोगी असतो. तो आकडा म्हणजे चाकाची घसर. ट्रॅक्टरच्या चाचणीत हे माप फार पूर्वीपासून घेतले जाते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रात ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, आणि त्यांत ओढीबरोबर चाकाची घसरही नोंदली जाते. तीच रीत आपल्या पाणंदीवर साध्या साधनांनी अवलंबिता येते.

टायरच्या बाजूस चुन्याची ठळक रेघ मारावी. घट्ट, सपाट जमिनीवर गाडी सावकाश चालवून चाकाच्या दहा फेऱ्यांत ती किती अंतर जाते ते मोजावे. नंतर ओल्या तुकड्यावर त्याच ओझ्यानिशी पुन्हा दहा फेऱ्या मोजाव्यात. समजा, घट्ट जमिनीवर दहा फेऱ्यांत २३ मीटर अंतर पडले व ओल्या जमिनीवर १८.४ मीटर पडले. म्हणजे ४.६ मीटर वाया गेले, ४.६ ला २३ ने भागून १०० ने गुणिले असता घसर २० टक्के आली. आता दोनच चाकांच्या ओढीवर तीच चाचणी घेऊन अंतर ११.५ मीटर भरले, तर घसर ५० टक्के झाली. दोन्ही आकडे शेजारी मांडले की चारही चाकांच्या ओढीने आपल्या जमिनीवर नेमका किती लाभ झाला ते कळते. सर्व चाके सारखी घसरत नाहीत. म्हणून ओढ असलेल्या प्रत्येक चाकाच्या बाजूस एक माणूस ठेवून सर्वांच्या फेऱ्या मोजाव्यात. मोजणाऱ्यांनी गाडीच्या पुढे वा मागे उभे राहू नये व बाजूसही सुरक्षित अंतर ठेवावे.

आडव्या खड्ड्यांची चाचणीही घ्यावी. डाव्या चाकासाठी एक व उजव्या चाकासाठी थोडा पुढे दुसरा असे दोन उथळ चर खणावेत, म्हणजे समोरासमोरची चाके एका वेळी उंच-सखल होतील. गाडी त्यावरून अगदी हळू न्यावी. एखादे चाक सुटून फिरू लागले तर गाडी थांबते की लॉक अथवा विद्युत्-यंत्रणेच्या बळावर पुढे जाते, ते पाहावे. या एका चाचणीत अनेक जाहिरातींचे उत्तर मिळते.

टायरमधील हवा

रानात गाडी रुतते याचे एक कारण टायरमधील जास्त हवा हे असते. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने त्यातील हवेच्या दाबाइतका असतो. १,८०० किलो वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सरासरी ४५० किलो भार येतो. हवा ३२ पौंड असल्यास हा भार पेलण्यासाठी टायरचा सुमारे २०० चौरस सें.मी. भाग जमिनीस टेकतो. हवा १८ पौंडांवर आणल्यास सुमारे ३५५ चौरस सें.मी. भाग टेकतो. पाऊल पसरट झाले की रुतणे कमी होते. ट्रॅक्टरच्या मोठ्या मागच्या टायरात रानातील कामासाठी कमी हवा ठेवतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

वाळूत हा उपाय विशेष गुणकारी ठरतो. चिकण चिखलात त्याचा लाभ कमी, कारण तेथे नक्षी बुजणे हीच मुख्य अडचण असते. हवा कमी केलेल्या टायरवर जोरात वळण घेऊ नये, आणि सडकेवर येण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ववत भरावी. यासाठी हवा मोजण्याचे यंत्र व पंप गाडीत असणे आवश्यक आहे. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. लहान-मोठ्या टायरांमुळे चार चाकांच्या ओढीच्या यंत्रणेवर ताण पडतो.

चढ, उतार व थांबणे

चढाची चाचणी पूर्ण ओझ्यानिशी घ्यावी व मध्यावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करावी. धाव घेऊन चढणे ही परीक्षा नव्हे. उभ्या गाडीने चढणे ही खरी परीक्षा. चढ मोजण्यास पाणलोटाच्या कामातील ए-फ्रेम वा साधी पाण्याची नळी वापरता येईल. १०० मीटरांत २५ मीटर चढ म्हणजे सुमारे १४ अंश; डोळ्यांना तो याहून बराच तीव्र भासतो. चढताना गाडी अडली तर ती चढावरच आडवी वळवू नये. रिव्हर्स गिअरमध्ये, सरळ मागे उतरावी. आडव्या उतारावर वळविलेली गाडी उलटण्याचा धोका फार असतो. टपावर ओझे असल्यास तो अधिकच वाढतो.

उताराविषयी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. चारही चाकांच्या ओढीमुळे गाडी निघते लवकर. थांबते मात्र इतर गाड्यांप्रमाणेच. ब्रेक सर्वच मोटारगाड्यांना चारही चाकांस असतात, आणि ओल्या मातीवर चाक अडकले की गाडी घसरत जाते. म्हणून उतरताना ‘लो’ ओढ व पहिला गिअर ठेवून इंजिनच्या आवळपणावर गाडी उतरवावी. क्लच दाबून धरू नये. अडचणीच्या जागी आत शिरण्याचे बळ या गाडीत असते, आणि म्हणूनच साध्या गाडीपेक्षा ती अधिक खोल जाऊन फसते, असे अनुभवी चालक सांगतात.

रुतलेली गाडी काढताना दोर वा साखळी ओढपट्टीच्या भक्कम कड्यासच बांधावी. ताणलेली साखळी तुटल्यास प्राणघातक होते. तिच्या दोन्ही बाजूंस कोणीही उभे राहू नये.

पाण्याशी वाद नको

माहितीपत्रकात गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते याचा आकडा दिलेला असतो. हा आकडा संथ पाण्याचा व घट्ट तळाचा आहे. वाहत्या पाण्यास तो लागू नाही. सुमारे ३० सें.मी. खोलीचे वाहते पाणी अनेक लहान गाड्या तरंगवू शकते, आणि ६० सें.मी. खोलीचे वेगवान पाणी जीप व पिकअपसुद्धा वाहून नेऊ शकते. चाक तरंगले की ओढ चार चाकांची असो वा दोन, सारखीच शून्य.

संथ पाणी ओलांडण्यापूर्वी काठीने खोली व तळ पाहावा, इंजिनला हवा घेणारी नळी किती उंचीवर आहे ते पाहावे, आणि एकसारख्या मंद गतीने जावे. पाणी हवेच्या नळीतून इंजिनात गेल्यास इंजिन निकामी होते. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत, आणि पुढे आसातील तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजावे.

वर सांगितलेल्या चाचणीच्या दिवशी परतीच्या वेळी नाला चढला होता. विक्रेत्याचा चालक तरुण होता व गाडीवर त्याचा विश्वास होता. गाडीत मागे चार माणसे बसली होती. तो गिअर टाकणार तोच त्या वयस्कर शेतकऱ्याने नाल्याच्या कडेला काठी रोवून पाणी दाखविले; ते गुडघ्याच्या वर होते व काठी थरथरत होती. ते म्हणाले, “गाडी जाईल बी एखाद्या वेळी. पण आज जायाचं नडलंय काय?” सर्वजण खाली उतरले. दोन तासांनी पाणी ओसरल्यावर गाडी पलीकडे नेली. त्या दिवशीच्या सर्व मोजमापांत हे माप आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले.

रानावर उमटणारी खूण

गाडी गेली म्हणजे पारख संपली असे शेतकऱ्याने समजू नये. मागे वळून जमिनीकडे पाहावे. ओल्या काळ्या जमिनीवरून जड चाक गेले की माती दाबली जाते, तिच्यातील हवेच्या व पाण्याच्या वाटा बुजतात, आणि त्या पट्ट्यात मुळे नीट वाढत नाहीत. दाबण्याचा बराचसा परिणाम चाकाच्या पहिल्याच फेरीत होतो. म्हणून दर वेळी नवी वाट पाडण्यापेक्षा ठरलेल्या एकाच वाटेने जाणे हितावह. उतारावर उभी पडलेली चाकोरी पुढील पावसात पाण्याची वाट बनते व तिचा ओघळ होतो. चाचणीनंतर चाकोरीची खोली मोजावी. चाकोरी आसाच्या पोटापर्यंत गेली तर ती वाट त्या ओलीत वापरण्याजोगी नाही, मग गाडी पार झालेली असो.

गटाचा निर्णय

चाचणीनंतर गटाची बैठक झाली. पाणंदीच्या तीन किलोमीटरांपैकी अडचणीच्या जागा दोनच, हे आता सर्वांस दिसले होते. काळ्या तुकड्याचा हिशोब मांडला. ४० मीटर लांब, ३ मीटर रुंद व २० सें.मी. जाड थर म्हणजे २४ घनमीटर, अर्थात सुमारे साडेआठ ब्रास मुरूम. दाबून बसल्यावर तो कमी भरतो म्हणून साधारण अकरा ब्रास. दोन्ही बाजूंस चर काढून पाण्यास वाट दिली नाही तर हा मुरूमही चिखलात बुडेल, म्हणून चर आधी व मुरूम मागाहून असे ठरले. गावाने श्रमदानाने व ट्रॅक्टरच्या साह्याने ते काम उघडिपीत उरकले. शेतरस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना जाहीर केली होती. अशा कामांसाठी त्या त्या वेळी उपलब्ध असणाऱ्या योजनांची चौकशी ग्रामपंचायतीत अवश्य करावी.

नाल्याचा चढ मात्र ओझ्यानिशी दोन चाकांच्या ओढीवर पार होत नव्हता. म्हणून गटाने चारही चाकांच्या ओढीचीच गाडी घेतली, पण खोल नक्षीच्या टायरांसह. आणि एक नियम लिहून गाडीत लावला : नाल्यात रोवलेल्या खुणेच्या दगडावर पाणी आले की गाडी थांबेल, चालक कोणीही असो, माल कोणताही असो.

सारांश

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा चाचणीच्या वेळी पुढील गोष्टी कागदावर नोंदवाव्यात : जमिनीचा प्रकार व वाफसा, गाडीतील ओझे, टायरची नक्षी व हवा, पोटाखालील उंची व दोन्ही कोन, दोन चाकांच्या व चार चाकांच्या ओढीवरील घसर, थांबून चढता आलेला सर्वांत तीव्र चढ, एक चाक सुटल्यावर काय झाले ते, आणि शेवटी चाकोरीची खोली. गाडीचे जास्तीचे वजन, इंधन व दुसऱ्या आसाची देखभाल यांचा खर्चही हिशोबात धरावा. ज्या वाटेवर अकरा ब्रास मुरमाने काम भागते तेथे कर्जाची गाडी घेण्याची घाई करू नये; ज्या वाटेवर चढ अटळ आहे तेथे ती अवश्य घ्यावी.

गाडी विकणारा टेकडी दाखवील, आपण पाणंद दाखवावी. तो उन्हाळा निवडील, आपण भाद्रपद निवडावा. आपल्या रानाने मान्य केलेली गाडीच आपल्या उपयोगाची, आणि जेथे रान ‘थांब’ म्हणते तेथे थांबणारा चालकच खरा चालक होय.